नवे संगीत आणि चार नंबरचा माग

संगीत आणि मी यांचे संबंध बँक आणि थकबाकीदार यांच्यासारखे आहेत. ओळख आहे, पण रस्त्यात गाठ पडायची वेळ आली की दोघांपैकी एक जण पानपट्टीच्या आडोशाला जातो.

वास्तविक माझे गाव इचलकरंजी. ज्या बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवली आणि विष्णु दिगंबर पलुस्करांसारखा शिष्य तयार केला, त्यांना जग 'इचलकरंजीकर' म्हणून ओळखते. म्हणजे गावाने जगाला दोन गोष्टी दिल्या : गाणे आणि कापड. वाटणीत गाणे इतरांकडे गेले. आमच्या घराच्या वाट्याला कापड आले. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून गावात जे खटाक्-खटाक् सुरू झाले, त्यातले चार खटाक् आमच्या वडिलांचे होते. वडील खर्चीवाले; म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, माग आपले, मजुरी मीटरवर आणि काळजी चोवीस तास. घर आणि कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. मी आणि माझी धाकटी बहीण त्या आवाजाच्या पाळण्यातच वाढलो. रात्री वीज गेली आणि माग थांबले की आम्ही दोघे दचकून जागे व्हायचो. इतरांची मुले आवाजाने उठतात, आम्ही शांततेने उठत असू. माझे सांगीतिक शिक्षण ते एवढेच. पुढे मी बी. कॉम. झालो, बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो आणि डेबिट-क्रेडिटच्या जुगलबंदीत केस पांढरे केले.

अशा माणसाला नव्या पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या महोत्सवावर लिहायचा अधिकार काय, असे वाचक विचारतील. अधिकार काही नाही. पण बँकेत आम्ही ज्या धंद्यातले ओ की ठो कळत नाही त्या धंद्याच्या कर्जप्रकरणावर शेरा मारतोच. हाही तसाच शेरा समजावा.

झाले असे की, ही धाकटी बहीण लग्न होऊन इंग्लंडात गेली. मेव्हणे डॉक्टर. मुक्काम यॉर्कशायर परगण्यातले हडर्सफील्ड. एका रात्री तिचा फोन आला.

"दादा, कार्ट्याने विद्यापीठात संगीत घेतलंय."

"बरं झालं की! घरात कुणीतरी गाणं शिकतंय."

"गाणं नाही रे, संगीत! गाणं असतं तर मी रडले कशाला असते? परवा चार पोरं मिळून दीड तास पत्र्याचा डबा घासत होती. दादा, तू ये. तू बँकेत आहेस, हिशेब तुला कळतो. मामा म्हणून त्याला समजाव."

बँकेची प्रवास-सवलत कन्याकुमारीला संपते. त्यामुळे तिकीट मेव्हण्यांनी काढले आणि नोव्हेंबरच्या एका ओल्या सकाळी, दोन स्वेटरांवर कोट आणि कोटावर मफलर अशा अवतारात मी हडर्सफील्डच्या स्टेशनावर उतरलो. बाहेर चौकात हॅरल्ड विल्सन यांचा पुतळा आहे. हे ब्रिटनचे पंतप्रधान याच गावात १९१६ साली जन्मले. गाव पाहिले आणि मला घरी आल्यासारखे वाटले. कारण हे लोकरीच्या कापडाचे गाव. उंची सुटाच्या कापडाच्या किनारीवर ज्या गावाचे नाव विणलेले असते, ते हेच. गिरण्यांच्या जुन्या दगडी इमारती अजून उभ्या आहेत, पण बहुतेकींच्या आत धागा राहिलेला नाही. इचलकरंजीत माग आहेत आणि इमारती पडायला आल्यात. इथे इमारती ठणठणीत आहेत आणि माग गेलेत. परमेश्वर कुठल्याच गावाचा ताळेबंद पुरा जुळू देत नाही.

या गावाला गाण्याचे वेड जुने. इथली कोरल सोसायटी, म्हणजे समूहगायनाची मंडळी, १८३६ सालापासून गाते आहे. अशा गावात १९७८ साली रिचर्ड स्टाइनिट्झ नावाच्या संगीताच्या प्राध्यापकांनी एक उद्योग सुरू केला. ते तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवीत. त्या पॉलिटेक्निकचे १९९२ साली विद्यापीठ झाले. उद्योग असा, की दरवर्षी नोव्हेंबरात, गारठ्यात, दहाएक दिवस फक्त नवे संगीत वाजवायचे. ज्यांच्यापुढे 'कै.' लागून दीडशे वर्षे झाली त्यांचे नाही. आत्ताचे, काल लिहिलेले, शाई ओली असलेले. आणि आश्चर्य म्हणजे हा उद्योग चालला. ऐंशीच्या दशकात खुद्द जॉन केज या गावी येऊन गेला. आज त्याचे नाव युरोपभर आहे.

मला यातली एक गोष्ट पहिल्याच दिवशी आवडली. आपल्याकडचे बरेचसे संगीत महोत्सव पुण्यतिथीचे असतात. हा बारशाचा महोत्सव. रचनाकार जिवंत असतो, पहिल्या रांगेत बसलेला असतो आणि मंगल कार्यालयातल्या वधूपित्यासारखा घामाघूम झालेला असतो. आता बारशाला गेल्यावर पोर कसे आहे हे खरे सांगायचे नसते. 'नाक आईवर गेलंय' म्हणायचे आणि पेढा खायचा. इथे पेढा नव्हता, एवढाच फरक.

पहिल्या संध्याकाळी भाच्याने मला सेंट पॉल्स हॉलमध्ये नेले. हे मूळचे चर्च. आता विद्यापीठाचे सभागृह. हातात एक छापील पुस्तिका पडली. पहिल्या रचनेविषयी तीत लिहिले होते, की ही रचना म्हणजे मौन आणि अस्मिता यांच्यातील वाटाघाटी आहेत. मी सावरून बसलो. वाटाघाटी मला कळतात; आमच्या युनियनच्या वाटाघाटींना मी चहा नेऊन देत असे. पण इथे दोन्ही पक्ष काही बोलेचनात. व्हायोलिनवाल्याने गज उलटा धरला आणि केसांऐवजी लाकडाने तारांवर टकटक केली. पियानोवाल्या बाई पट्ट्या सोडून उठल्या, पियानोत कमरेपर्यंत वाकल्या आणि आतल्या तारा बोटांनी छेडू लागल्या. मला वाटले काही पडले असावे. मी भाच्याला कोपराने ढोसले.

"मामा, गप्प बस. ते तसंच आहे."

"किती वेळ आहे?"

"बावीस मिनिटं."

त्या बावीस मिनिटांत मी नवे संगीत ऐकायचे तीन नियम शोधून काढले. पहिला : टाळी आपण सुरू करायची नाही, वादक हात खाली सोडून, दिवसअखेरीला कॅश जुळल्यावर कॅशियर टाकतो तसा निःश्वास टाकील तेव्हाच संपले असे समजावे. दुसरा : खोकला दोन भागांच्या मधल्या फटीत उरकावा. फट आली की सभागृहातले सगळे एकदम खोकतात. मला तर काही वेळ तोही रचनेचा भाग वाटला. तिसरा आणि महत्त्वाचा : पुस्तिका आधी वाचू नये.

माझी मुख्य तक्रार आवाजाविषयी नाहीच, कागदाविषयी आहे. आणि ती एका गावाची नाही, या साऱ्या नव्या संगीताच्या प्रांताची आहे. हे लोक वाजवतात बावीस मिनिटे आणि समजावून सांगतात चाळीस. आमच्याकडे ज्या कर्जप्रकरणाला प्रकल्प-अहवाल जाड, त्या प्रकरणात तारण पातळ, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. कागदावर 'अवकाश', 'देहभान', 'विखंडन' असे शब्द वाचले, की साध्या माणसाला आपण परीक्षेला बसल्यासारखे वाटते. मग तो ऐकायचे सोडून 'समजले का' हेच तपासत बसतो. उलट आपला मैफलीतला श्रोता पाहा. त्याला तरी विलंबित झुमरा कुठे समजलेला असतो? पण समेवर मान हलवायची त्याला मुभा असते. 'वा!' म्हणायचा त्याचा हक्क कुणी काढून घेतलेला नसतो. इथे 'वा' म्हणायची सोय नाही आणि 'हाय हाय' म्हणायचीही नाही. माणूस आपला लोकरीच्या गठ्ठ्यासारखा गप्प.

आणि तरीसुद्धा मी दुसऱ्या दिवशी गेलो. कारण भाच्याने रात्री स्वयंपाकघरात दुधाचा पेला हातात घेऊन मला केजची ती प्रसिद्ध रचना समजावून सांगितली : 'चार मिनिटे तेहेतीस सेकंद'. २९ ऑगस्ट १९५२ रोजी अमेरिकेत वूडस्टॉकजवळ डेव्हिड ट्यूडर नावाचा पियानोवादक ती 'वाजवायला' बसला. पियानोचे झाकण लावले आणि घड्याळ पाहत बसला. भाग तीन, वाजवले काही नाही. लोकांना ऐकू आला बाहेरचा वारा, छपरावरचा पाऊस आणि शेवटी शेवटी आपलीच कुजबुज. बरेच जण चिडले.

बहीण भांडी विसळता विसळता म्हणाली, "बघ दादा! काही न वाजवायला शिकायची फी भरतोय आम्ही."

पण मला मात्र एकदम ओळख पटली. "अगं, हे तर आमच्या बँकेत रोज होतं! सर्व्हर डाऊन!" मी म्हणालो. सर्व्हर बंद पडला की मी कीबोर्डवरचे हात काढून घेतो आणि रांगेकडे बघत बसतो. पहिला मिनिटभर काही नाही. मग पंख्याची कुरकुर ऐकू येते, जी तो सकाळपासून करीत होता. पेन्शनवाल्या आजोबांचा श्वास ऐकू येतो. कुणाच्या तरी पिशवीतली कोथिंबिरीची जुडी खसखसते. शिपाई स्टॅपलरशी खेळत असतो. चौथ्या मिनिटाला रांग बोलू लागते, ते मात्र इथे लिहिण्यासारखे नसते. ट्यूडरने तेच केले. फक्त त्याचा सर्व्हर चालू होता.

भाचा इतका हसला, की दूध नाकात गेले. म्हणाला, "मामा, आमच्या सरांना हे सांगतो." आयुष्यात पहिल्यांदा मला कुठल्या तरी विद्यापीठात मान मिळत होता.

या केजचा आपल्याशी संबंध आहे हेही तेव्हाच कळले. १९४६च्या सुमारास अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. त्या केजला हिंदुस्थानी संगीत सांगायच्या, तो त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवायचा. गुरुदक्षिणेचा प्रश्न परस्पर मिटला. याला आम्ही कॉन्ट्रा एंट्री म्हणतो. संगीत कशासाठी, असे त्याने विचारल्यावर गीताबाईंनी आपल्या गुरूंचे मत सांगितले, की मन शांत आणि स्थिर व्हावे म्हणून. ते त्याने जन्मभर गाठीला बांधले. आता, मन शांत करण्यासाठी पियानोच शांत करावा, हा त्याने काढलेला शॉर्टकट. माझे मत विचाराल तर ही रचना एकदाच ऐकण्याची आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कान मिळतात, दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याला फक्त तिकीट.

याच केजची आणखी एक रचना ऐकून तर मी बँकवाला म्हणून हात जोडले. तिचे नावच मुळी 'जमेल तितके सावकाश' अशा अर्थाचे. जर्मनीत हाल्बरश्टाट गावच्या चर्चमध्ये ती ऑर्गनवर चालू आहे. सुरुवात ५ सप्टेंबर २००१. आरंभीच विराम असल्यामुळे पहिला स्वर निघाला ५ फेब्रुवारी २००३ रोजी. समाप्ती सन २६४०. एकूण मुदत सहाशे एकोणचाळीस वर्षे! २०२४च्या फेब्रुवारीत स्वर बदलला तेव्हा तो ऐकायला माणसे तिथे जमली होती. आमच्याकडे मुदत ठेवीची कमाल मर्यादा साधारण दहा वर्षे असते. तीसुद्धा लोक मुलीच्या लग्नासाठी मध्येच मोडतात. इथे ज्यांनी ठेव ठेवली, त्यांच्यापैकी कुणीही पावती घेऊन काउंटरवर येणार नाही. नॉमिनी कोण, हेही ठाऊक नाही. मला हसू आले, आणि मग थोड्या वेळाने आले नाही. ज्या माणसांना अजून सहाशे वर्षे जग राहील आणि त्यात कुणीतरी ऑर्गनजवळ बसेल असा भरवसा आहे, त्यांना वेडे म्हणावे की आपल्याला?

शनिवारी दुपारी भाच्याचा कार्यक्रम होता, विद्यार्थ्यांचाच, लहानसा. जागा म्हणजे एका जुन्या गिरणीची शेड. बहीण आजवर त्याच्या एकाही कार्यक्रमाला गेली नव्हती. मी म्हणालो, "तू येणार नसशील तर मी समजावणार नाही." तेव्हा ती एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी अशी निघाली, म्हणजे लोकांना वाटावे, की बाई वाटेवर होत्या म्हणून डोकावल्या.

शेडमध्ये शिरताच ती थबकली. वर लोखंडी कैच्या, उंच खिडक्या, खाली तेल पिऊन काळी झालेली फरशी. "दादा, हा तर कारखाना," ती हळूच म्हणाली.

मध्ये टेबलांवर शंभर मेट्रोनोम मांडले होते. मेट्रोनोम म्हणजे ताल मोजायचे चावीचे यंत्र : लाकडी, देवळाच्या शिखरासारखे, पुढे एक काटा, तो टिक्-टिक् करीत इकडून तिकडे हलतो. रचना लिगेती या हंगेरियन रचनाकाराची, १९६२ सालची. दहा वादक, प्रत्येकाकडे दहा यंत्रे. सगळ्यांनी चाव्या द्यायच्या, प्रत्येक यंत्राची गती वेगळी ठेवायची, सगळी एकदम सोडायची आणि निघून जायचे. वाजवणारा कुणी नाही. ज्याची चावी संपेल ते थांबेल. शेवटचे थांबले की संगीत संपले. १९६३ साली हॉलंडात हिचा पहिला प्रयोग झाला. तो टेलिव्हिजनवर दाखवणार होते, पण ऐन वेळी त्याऐवजी फुटबॉलचा सामना दाखवला. दूरदर्शन पाहून वाढलेल्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

भाच्याने आपली दहा यंत्रे सोडली, आमच्याकडे न बघता बाजूला जाऊन उभा राहिला, आणि शेडमध्ये गारपीट सुरू झाली. शंभर टिकटिकी एकमेकींत मिसळून नुसता एक खडखडाट. यात ताल नाही, काही नाही. शेजारचे गृहस्थ कपाळाला आठ्या घालून पुस्तिकेत अर्थ शोधत होते. मला मात्र काही शोधावे लागले नाही. माझे डोळे मिटू लागले. चाळीस वर्षांची सवय ती; या आवाजात मला झोपच येते.

मग एकेक यंत्र थांबू लागले. खडखडाट विरळ झाला, तसे त्यातून ठेके दिसू लागले. तीन यंत्रे मिळून काही गाणे म्हणत आहेत असे वाटायचे, तोवर त्यातले एक गळायचे. वीस राहिली. दहा राहिली. मी ताठ बसलो होतो. झोप कुठल्या कुठे गेली होती.

आमच्या वडिलांनी माग विकायचे ठरवले ते मंदीच्या एका वर्षी. भंगारवाला सकाळी यायचा होता. आदल्या दिवशी वडील म्हणाले, मागावर आहेत ती बीमे पुरी करू. सूत व्यापाऱ्याचे आहे, अर्धे ठेवायचे नाही. नवे बीम चढवायचे नव्हते. ज्याचा ताणा संपेल तो माग थांबेल. दुपारी एक नंबर थांबला. दिवेलागणीला तीन नंबर. जेवायच्या सुमारास दोन. चार नंबर भिंतीलगतचा. त्याच्यावर ताणा जास्त होता. त्याचा धोटा रात्री साडेअकरापर्यंत जात-येत राहिला. आई ताटे वाढून बसली होती. कुणी जेवले नाही, कुणी बोलले नाही. आम्ही दोघे गोधडीत पडून एकच आवाज ऐकत होतो. मग तो थांबला. त्या रात्री वीज गेली नव्हती.

शेडमध्ये आता एकच यंत्र उरले होते. टिक्... टिक्... दीडदोनशे माणसे, पण श्वास ऐकू येत नव्हता. बहिणीने छत्री कधी खाली ठेवली कोण जाणे. तिचा हात माझ्या मनगटावर होता.

"दादा," ती म्हणाली, "आपला चार नंबर."

मी मान हलवली. समेवर हलवतात तशी.

ते यंत्र थांबले. टाळी कुणी सुरू करीना. माझा नियम क्रमांक एक इथे निकामी ठरला. निःश्वास टाकायला वादकच नव्हता. शेवटी भाजीच्या पिशवीतून एक बटाटा निसटला आणि त्या काळ्या फरशीवर टण्टण् करीत भाच्याच्या पायापर्यंत गेला. लोकांनी तो शेवटचा स्वर समजून जोरात टाळ्या वाजवल्या. पोराने बटाटा उचलला, आईकडे पाहिले, आणि आईला रडताना पाहून बिचारा घाबरला. त्याला वाटले, फीचेच.

आता माझा शेरा. या महोत्सवातले निम्मे संगीत मला भावले नाही. उरलेल्या निम्म्यातले निम्मे पुस्तिकेने खाल्ले. पण बाळकृष्णबुवांनी ख्याल आणला तेव्हा महाराष्ट्राला तोही नवाच होता, आणि मान हलवायला आपल्याला वेळ लागलाच असणार. पाव हिस्सा जरी वसूल होत असेल, तरी बुडीत खात्यांच्या धंद्यात वीस वर्षे काढलेला मी त्याला नुकसान म्हणणार नाही. जे संगीत हातात कागद न देता गिरणीच्या शेडमध्ये माझ्या बहिणीपर्यंत पोचते, ते खरे आहे. त्याला समजावून सांगणाऱ्याची गरज नाही. गप्प बसणाऱ्यांची आहे.

भाच्याला मी काय समजावले, असे मेव्हण्यांनी रात्री विचारले. मी म्हणालो, चार्ल्स आइव्ह्ज नावाचा अमेरिकन होता, दिवसा विमा कंपनी चालवायचा आणि उरलेल्या वेळात सिम्फनी लिहायचा. त्याच्या तिसऱ्या सिम्फनीला १९४७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. तेव्हा पोटाची सोय कर आणि खाते चालू ठेव. दोन वर्षे व्यवहार झाला नाही, तर खाते निष्क्रिय होते.

"आणि ही काय म्हणाली?" मेव्हणे म्हणाले.

बहीण काही म्हणाली नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर एक मेट्रोनोम होता, पोराने घरी आणलेला. ती पोळ्या लाटीत होती आणि मध्येच पिठाच्या हाताने त्याला चावी देत होती.